कौलांतून घरात आलेला सूर्य

बेळगावचा फोटो म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ठरलेली दोन-चार चित्रं येतात. १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी, अधिवेशनाच्या दिवसांत पोलिसांनी वेढलेलं कर्नाटक विधिमंडळाचं सुवर्णसौध, सीमेवर अडवलेली एसटी. ही चित्रं खरी आहेत. आमच्या घराघरांतली माणसं त्या फेऱ्यांत चालली आहेत आणि त्यांचं दुःख मला परकं नाही. पण वर्षाचे बाकीचे दिवसही इथे उजाडतात. शनिवार खुटावर भाजीच्या पाट्या उतरतात, वडगावात माग सुरू होतात, येळ्ळूरच्या शिवारात भाताला लोंब्या येतात आणि मागे राजहंसगड उभा असतो. त्या दिवसांचे फोटो कुठे छापून येत नाहीत. मी फिरते ती त्या दिवसांसाठी.

फिरायला ठरलेली वेळ नाही, ठरलेला रस्ताही नाही. हातात मोबाईल असतो, क्वचित जुना कॅमेरा. नियम एवढाच, की ज्या गोष्टीचं कारण मला ठाऊक नाही तिच्यापुढे थांबायचं. सुंदर आहे म्हणून थांबणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं काही चुकत नाही. गोकाकला पावसाळ्यात घटप्रभा ५२ मीटरवरून तांबडं पाणी घेऊन कोसळते तेव्हा कोणाचाही हात खिशाकडे जाणारच. माझाही जातो. पण तिथे मला विचारायला काही सुचत नाही. मी भिजते आणि परत येते. उलट टिळकवाडीतल्या एका जुन्या बंगल्याच्या कुंपणाची भिंत मला अख्खा पावसाळा पुरते.

ती भिंत जांभ्याची आहे. आमच्याकडे चिरा म्हणतात. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. उघड्यावर वारा-ऊन लागलं की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होत जातात आणि हाच दगड पुढे पिढ्यानपिढ्या घर पेलतो. दगड म्हटलं तरी तो सलग नसतो. त्यात बोट जाईल एवढ्या पोकळ्या असतात, मुंगी जाईल एवढी छिद्रं असतात. जूनचा पाऊस पडून गेला की त्या प्रत्येक पोकळीत वेगळं बिऱ्हाड दिसतं. एकीत शेवाळं, एकीत नेच्याचं वळलेलं पान, एकीत कोळ्याचं जाळं आणि जाळ्याच्या तोंडावर पाण्याचे थेंब.

एका पोकळीपाशी बारीक कमरेची माशी ये-जा करत होती. आम्ही तिला कुंभारीण म्हणतो, लहानपणी तिच्या वाटेला जाऊ नको म्हणून बजावलेलं असतं. मी दोन हात अंतरावर उभी राहिले. ती एक हिरवी अळी घेऊन आली, स्वतःच्या अंगापेक्षा मोठी. अळी उलटसुलट करत तिने आत ओढली. थोड्या वेळाने दुसरी आणली. मग बागेच्या नळाखालची ओली माती गोळी करून आणायला लागली आणि भोकाचं तोंड कडेकडेने लिंपत आणलं. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आलं, की लिंपण काळसर आहे आणि भिंत तांबडी, आणि त्या काळ्या लिंपणावर एकात एक अशी अर्धवर्तुळं उमटली आहेत. प्रत्येक गोळीची एक ओळ. नंतर वाचलं तेव्हा बाकीचं कळलं. आतल्या अळ्या मेलेल्या नसतात. डंखाने लुळ्या केलेल्या असतात, म्हणजे अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लाला ताजं अन्न मिळावं. पिल्लू आईला कधी पाहत नाही. आईने त्याच्यासाठी घर शोधलं, शिधा भरला, दार लावलं आणि ती निघून गेली.

त्या रस्त्याने मी लहानपणापासून येते-जाते. भिंत तीच होती. मला तिच्याकडे प्रश्न घेऊन जाणं सुचलं नव्हतं, आणि तो प्रश्न मला फोटोने दिला. म्हणून मी फोटोकडे आठवण म्हणून बघत नाही. मला न कळलेल्या गोष्टीची ती नोंद असते. ती घेऊन मी कोणाकडे तरी जाते: गवंड्याकडे, मागवाल्याकडे, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे. फिरण्याचा अर्धा आनंद पायांत असतो आणि अर्धा या विचारपूस करण्यात.

विचारपूस करायला आमच्या गावासारखं गाव नाही, हे मी मनापासून म्हणते. तोंड उघडण्याआधी समोरच्याचा अंदाज घ्यावा लागतो, कन्नडमध्ये सुरुवात करावी की मराठीत. बहुतेक वेळा समोरचाच सोडवणूक करतो. माझं मोडकं कन्नड ऐकलं की तो मराठीत येतो, त्याचं मराठी अडखळलं की मी कन्नडमध्ये जाते, आणि मध्येच कुठेतरी बोलणं सुरू झालेलं असतं. गणपत गल्लीच्या मागच्या बाजूला एका बंद दुकानाची लाकडी फळी आहे. तिच्यावर सगळ्यात वर कुठल्याशा मोबाईल कंपनीचा रंग, तो पोपडे धरून सुटलाय तिथे खाली कन्नड अक्षरं, आणि तीही जिथे उडाली आहेत तिथे हाताने रंगवलेलं देवनागरी ‘र’चं वळण. ‘र’ काढणाऱ्या पेंटरचा हात पक्का असणार. शेपूट एका झटक्यात खाली आणलेली दिसते. फ्लेक्स आल्यापासून असे हात कामाला लागत नाहीत. त्या फळीचा फोटो मी वेगवेगळ्या ऋतूंत काढत राहते. दर पावसाळ्यानंतर वरचा थर थोडा कमी होतो आणि खालचं अक्षर थोडं जास्त दिसतं.

वडगाव, खासबाग, शहापूर या भागात माग आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. दुपारी गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंच्या घरांतून एकच खडखडाट येत असतो आणि घरची माणसं त्यावर आवाज चढवून रोजचं बोलत असतात. हातमाग आता फार थोडे, बहुतेक यंत्रमाग. सूत महाग, साडीला भाव नाही, त्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शिवारात पसरतं आणि कधीकधी घरांपर्यंत येतं. हे सगळं माग चालवणारा माणूस तक्रारीच्या सुरात सांगत नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगतो आणि तुटलेला धागा जोडायला वाकतो.

एका घरात उंबऱ्यातून आत पाहिलं तर मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांची माळ लोंबत होती. पट्टी एकेक करून पुढे सरकायची, आणि ती सरकली की मागच्या झरोक्याचा उजेड तिच्यातल्या भोकांतून क्षणभर आरपार यायचा. उजेडाच्या टिकल्यांची एक रांग लागायची आणि जायची, पुढच्या पट्टीला वेगळी रांग. मी विचारून आत गेले. मागावर बसलेल्या काकांनी मशीन बंद केलं नाही.

“कशाचं फोटू काढायलीस गं बाई? साडी बघ की, साडी हिकडं आहे.”

मी पट्ट्यांकडे बोट दाखवलं. ते हसले नाहीत. उलट त्यांना बरं वाटलं असं मला वाटलं. एक जुनी पट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

“हितं भोक आहे, तर तो धागा वर जातोय. हितं भोक नाही, तो खालीच ऱ्हातोय. धोटा मधनं जातोय. एवढंच बघ. मोर काढ, कोयरी काढ, काय बी काढ, शेवटाला भोक आहे का नाही एवढंच.”

हा जॅकार्डचा माग. फ्रान्समधल्या लियोंच्या जोझेफ जॅकार्डने १८०४ च्या सुमाराला तो घडवला. पुढे भोकं पाडलेल्या अशाच पत्त्यांवर अमेरिकेत १८९० च्या जनगणनेची मोजणी झाली, आणि नंतर कित्येक वर्षं संगणकांना सूचना द्यायला पत्तेच वापरले जात. काकांना यातलं काही सांगायची गरज नव्हती. भोक आहे किंवा नाही एवढ्यावर मोर उभा राहतो, हे ते बोटांनी जाणत होते. मी त्या पट्टीचा फोटो खिडकीसमोर धरून काढला. पुठ्ठा हाताळून हाताळून कडेला काळा आणि तेलकट झालेला, भोकांच्या कडा मात्र गोल, नीट, अजून धारदार. एका भोकावर कागदाचा तुकडा डकवला होता. तिथला एक धागा त्यांनी आपल्या मनाने खाली ठेवला होता.

हे सगळं गावातलं. गावाबाहेर पडलं की जिल्हा पसरतो आणि पाऊस बदलत जातो. अथणीच्या बाजूला ढग वरून निघून जातात, शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. चोर्ल्याच्या रस्त्याने पश्चिमेला निघालं, जांबोटी मागे टाकलं, की कणकुंबीकडे झाडांची खोडंसुद्धा हिरवी दिसायला लागतात आणि भर पावसात दिवसचे दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं. कणकुंबीला माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. पावसाळ्यात तिथे फोटो काढण्यासारखं लांबचं काही नसतं, धुकं सगळं झाकून टाकतं. मग मान खाली घालून चालावं लागतं आणि रस्त्याच्या कडेचं पाणी दिसतं.

तिथलं डोंगराचं आढं घराच्या आढ्यासारखं आहे. अलीकडच्या उतारावर पडलेला थेंब आणि पलीकडच्या उतारावर पडलेला थेंब पुन्हा भेटत नाहीत. अलीकडचा मलप्रभेत जातो, खानापूरवरून, नविलतीर्थच्या धरणातून, पट्टदकलच्या देवळांना वळसा घालून कूडलसंगमला कृष्णेत मिसळतो आणि आंध्रातून बंगालच्या उपसागराला मिळतो. पलीकडचा म्हादईचा होतो आणि गोव्यात मांडवी बनून पणजीपाशी अरबी समुद्रात उतरतो. या पाण्यावरून दोन राज्यांत किती भांडण झालं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. कणकुंबीचं नाव छापून येतं ते त्यासाठीच. मी तिथे रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून चिखलातून जाणाऱ्या बोटभर रुंद धारेचा फोटो काढत होते, तेव्हा गुरं घेऊन चाललेल्या एका पोराने विचारलं, “काय हरवलं काय?” मी म्हटलं, हे पाणी कुठल्या बाजूला जातंय ते बघतेय. त्याने लगेच हातातल्या काठीने दाखवलं, हे हिकडं, ते तिकडं. त्याच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मला मात्र त्या दोन धारांच्या मधल्या चिखलात किती तरी वेळ उठवेना.

आणि आता कौलांबद्दल. हे मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे.

खानापूर तालुक्यात माझ्या आईच्या मावशीचं घर आहे. आम्ही सगळे तिला आज्जीच म्हणतो. घर कौलारू, भिंती मातीच्या, मधलं आढं बरंच उंच. खानापूरच्या मातीला चांगला गुण आहे. तिथे कौलं-विटांचा धंदा जुना, कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथेच. मंगळुरात बाझेल मिशनने १८६५ साली यंत्रावर कौलं करायला घेतली आणि पुढे तो नमुना या सगळ्या पट्ट्यात पसरला. आज्जीच्या घरावर तशीच चपटी, खाचेत खाच बसणारी कौलं आहेत. कितीही नीट बसवली तरी कुठेतरी फट राहते. वानरं उड्या मारतात, एखादं कौल सरकतं, एखाद्याचा कोपरा उडतो. म्हणून दिवसा त्या घरात जमिनीवर कवडसे पडलेले असतात.

कवडसे गोल का असतात, हा प्रश्न मला फोटो मोठा करून पाहताना पडला. फट वेडीवाकडी, तुटका कोपरा त्रिकोणी, आणि खाली मात्र स्वच्छ गोल ठिपका. मैत्रिणीने समजावून सांगितलं. छिद्र लहान असेल आणि जमीन त्यापासून पुरेशी लांब असेल तर छिद्राचा आकार पुसून जातो. जमिनीवर पडतो तो सूर्याचाच आकार, उलटा झालेला. म्हणजे कवडसा हे सूर्याचं चित्र आहे. काळोखी खोली, एक भोक, समोर पडदा: कॅमेरा सुरुवातीला असाच होता. सूर्य स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०८ पट अंतरावर आहे, त्यामुळे कवडसाही छिद्रापासूनच्या अंतराच्या साधारण १०८ व्या भागाएवढा भरतो. जपमाळेत जेवढे मणी तेवढ्या पटीत. छिद्र १२ फुटांवर असेल आणि ऊन सरळ पडत असेल तर ठिपका साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. मी पट्टी घेऊन मोजला. छिद्राच्या रुंदीने थोडा मोठा भरला, तेवढा भरायलाच हवा होता. आंब्याखाली सकाळी जे ठिपके हलतात तेही असेच, पानांच्या फटींतून आलेले सूर्य.

२६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं. केरळात कासरगोडकडे कंकणाकृती, आमच्याकडे खंडग्रास, पण सूर्याचा मोठा भाग झाकणारं. मी आदल्या दिवशीच आज्जीकडे गेले होते. ती ग्रहण पाळते. सकाळी चूल पेटली नाही, दुधातुपाच्या भांड्यांवर तुळशीची पानं पडली, पाण्याच्या हंड्यात दर्भाची काडी. बाहेर निघाले तर तिने हटकलं, “गिराण लागलंय, भाईर कशाला जातीस?” मी माजघरातच थांबले.

आठ वाजून गेले असतील. ऊन तिरपं होतं, त्यामुळे कवडसे लांबट होऊन पडले होते, काही जमिनीवर, काही भिंतीवर चढलेले. आधी त्यांची एक कड चेपल्यासारखी झाली. मग चेपलेली कड आत आत गेली. बघता बघता सगळ्या माजघरात चंद्रकोरी झाल्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर, भाताच्या पोत्यांवर, टांगलेल्या घोंगडीवर, देवळीच्या कडेला अर्धी आत अर्धी बाहेर. फट मोठी होती तिथली कोर जाड आणि पुसट, बारीक होती तिथली कोर नखाने काढल्यासारखी रेखीव. सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. बाहेरचा उजेडही बदलला होता. ऊन होतं पण त्याचा जोर गेला होता, आणि सावल्यांच्या कडा एरवीपेक्षा करकरीत दिसत होत्या.

आज्जी भिंतीला टेकून बसली होती. तिने हात पुढे केला आणि एक कोर तिच्या तळव्यावर आली. तळवा पुढे-मागे करून तिने ती लहान-मोठी होते का ते पाहिलं. तिच्या तळव्यावरच्या भेगा त्या कोरीतून ओलांडून जात होत्या, तो फोटो माझ्याकडे आहे. ग्रहण सुटल्यावर तिने अंघोळ केली, चूल पेटवली आणि शेजारणीला सांगितलं, “मी काय भाईर गेलो नाही बघ. सूर्व्यानंच घरात येऊन दाखिवलं.”

तिने आयुष्यभर ग्रहणं पाळली आणि कधीच पाहिली नाहीत असं मी समजत होते. विचारलं तर म्हणाली, असल्या कोरी तिने लहानपणी आईच्या घरीही बघितल्या होत्या. त्यांच्या घरी त्या दिवशी बायका जमीन आधीच सारवून ठेवायच्या, म्हणजे नीट दिसाव्यात. बाहेर जायची बंदी असलेल्या बायकांनी आपल्या माजघरात बघायची सोय केली होती. मला हे कळलं तेव्हा माझ्या फिरण्याचा सगळा शीण गेला.

आता तालुक्यात फिरताना मी घरांची छपरं बघते. कौलं उतरून पत्रे चढताहेत, स्लॅब पडताहेत. त्यात कोणाला बोल लावता येत नाही. शाकारणीला माणूस मिळत नाही, वानरांचा उपद्रव वाढला आहे, आणि गळणाऱ्या घरात चार महिने कसे काढायचे हे तिथे राहणाऱ्यालाच विचारावं. मी एवढंच करते, की छप्पर उतरवणार आहेत असं कळलं की त्याआधी जाऊन त्या घरातल्या जमिनीचा, भर दुपारी कवडसे पडलेले असताना, फोटो काढून ठेवते आणि एक प्रत घरच्यांना देते. आज्जीच्या घरी बाहेरच्या पडवीला पत्रे आले आहेत. माजघरावर कौलंच ठेवायची असं मामाने कबूल केलं आहे.

२१ मे २०३१ ला पुन्हा सूर्यग्रहण आहे. कंकणाकृतीचा पट्टा केरळ-तमिळनाडूतून जाणार, आपल्याकडे खंडग्रास. दुपारची वेळ असेल आणि मे महिन्यात सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे कोरी लांबट न होता सरळ पडतील. तुमच्या घरावर, गोठ्यावर, मामाच्या गावी कुठे कौलं असतील तर तो दिवस तिथे काढा. सूर्याकडे थेट बघू नका, त्याची गरजच नाही. जमिनीवर पांढरी चादर अंथरा, दारं-खिडक्या लोटून घ्या, पोरांना आत बोलवा. आणि फोटो काढताना मोबाईलवर उजळ कोरीवर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर कडा पसरतात आणि कोर पुन्हा गोल दिसायला लागते.